शेवटच्या घरापासून सुरू होणारी दवंडी

ओढ्याच्या काठी वसलेल्या एका गावात एक दवंडीवाली राहत होती. तिची हलगी वाजली की चुलीपुढची माणसंसुद्धा उठून दारात येत. तिच्या वडिलांनी तिला एक रीत घालून दिली होती. दवंडी गावाच्या शेवटच्या घरापासून सुरू करायची. तिथल्या माणसानं 'खरं आहे' म्हटलं, तरच हलगी पुढच्या घरी न्यायची.

त्याच गावात निळीचा एक रंगारी होता. त्याच्या निळ्या लुगड्यांना दूरच्या बाजारात मान होता, आणि अर्ध्या गावाला त्याच्याकडे काम होतं. एकदा त्यानं वेशीवर पाणपोई घातली आणि दवंडीवालीला बोलावलं.

"गावाला सांग, रंगारीशेठ सगळ्यांची तहान भागवतात! आणि आवाज मोठा ठेव. परवा बाहेरगावचे व्यापारी यायचेत."

"सांगते की शेठ. काम चांगलंच केलंत," म्हणत ती खुशीत निघाली.

शेवटचं घर ओढ्याच्या खालच्या अंगाला होतं. तिथे एक म्हातारी परटीण राहायची. दवंडी ऐकून ती हसली.

"तहान भागवतात होय? ये, बस. आमच्याकडचंही पाणी पी."

तिनं तांब्या पुढे केला. पाणी निळसर होतं. तांब्या धरणारे हात कोपरापर्यंत भेगाळले होते.

"रंगाचे हौद रोज ओढ्यात रिकामे होतात, बाई. वर पाणपोई आणि खाली हे. आता तूच सांग, खरं म्हणू?"

दवंडीवालीनं हलगी पाठीवर टाकली आणि तो तांब्या घेऊन ती रंगाऱ्याकडे परतली. सगळं ऐकून रंगारी भडकला.

"तुला दवंडी द्यायला पाठवलं होतं, चौकशी करायला नाही! उद्यापासून दुसरा हलगीवाला बघतो. तू बस घरी."

"बसते. पण जाता जाता एक दवंडी देते."

तिनं रंगाऱ्याच्या अंगणातच हलगी वाजवली. "ऐका हो ऐका! शेवटच्या घरचं पाणी निळं झालंय हो! म्हातारीच्या हातांना भेगा पडल्यात हो!"

कामकरी हात थांबवून पाहू लागले. आजवर हलगीनं शेठचं म्हणणं गावाला ऐकवलं होतं. आज पहिल्यांदा गावाचं म्हणणं शेठनं ऐकलं.

रंगाऱ्यानं तांब्यात डोकावून पाहिलं. तो निळा रंग त्यानं कुठेही ओळखला असता. तांब्या हातात घेऊनच तो शेवटच्या घराकडे चालू लागला.

"आजी, मला कुणी सांगितलंच नाही," म्हातारीचे हात पाहून तो म्हणाला.

"कोण सांगणार? हलगी तर तुमचंच सांगत होती."

व्यापारी आले तेव्हा रंगकाम बंद होतं. "सध्या लुगडी नाहीत," रंगारी स्वतः म्हणाला, "आधी ओढा साफ करायचाय." त्यानं पक्की टाकी बांधली. रंगाचं पाणी त्यात निवळायचं आणि पुन्हा रंगालाच वापरलं जायचं. दोन महिन्यांत ओढ्याचा तळ दिसू लागला.

मग त्यानं दवंडीवालीला निरोप धाडला. या वेळी त्याचा आवाज हळू होता. "आता देशील दवंडी?"

"शेवटच्या घरी विचारते, शेठ."

ती पोचायच्या आतच म्हातारी स्वच्छ पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती.

"खरं आहे गं, खरं आहे! वाजव!"

आणि हलगीच्या पुढे पुढे चालत तिनंच घरोघरी सांगितलं.

तात्पर्य: आपल्या चांगुलपणाची दवंडी देण्याआधी आपल्या कामाची झळ ज्याला बसते त्याला विचारावं; त्यानं मनापासून 'खरं' म्हटलं, तर गावभर सांगायला संकोच नको.