दिवेलागणीला उघडलेलं मागचं दार

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथला एक रिवाज मात्र तुमच्या-आमच्या घरांत अजून आहे. दिवेलागण झाली की मागचं दार बंद करायचं. लक्ष्मी पुढच्या दारानं येते आणि मागच्या दारानं निघून जाते, असं म्हणतात ना, म्हणून.

त्या गावातली गोदूबाई या बाबतीत फार कडक. सूर्य डोंगराआड जायचा अवकाश, तिनं मागच्या दाराला अडसर घातलाच. दुभत्या गाई, भरलेली कणगी, घरात नुकताच जन्मलेला नातू! एवढं सगळं मिळालं की माणूस ते निसटेल म्हणून भीतच असतं.

एके दिवशी तिनं असाच अडसर घातला, देवापाशी दिवा लावला आणि दूध झाकायला स्वयंपाकघरात आली. पाहते तर चुलीमागे दोन डोळे! रानातली मांजरी दुधाच्या वासानं आत शिरली होती आणि आतच कोंडली गेली होती. माणसाचा हात तिला कधी लागलेला नव्हता. गोदूबाई किंचाळली, तशी मांजरी फडताळावर उडाली आणि ताकाचा डेरा खाली येऊन फुटला.

शेजारीपाजारी धावत आले. मांजरीला सोडवायचं तर सगळ्यांनाच होतं. कुणी गोणपाट आणलं, कुणी पाटी. मग पुढच्या दारात गर्दी करून सगळे म्हणू लागले, "ये माऊ, ये, इकडून ये!" आता तुम्हीच सांगा, एवढी माणसं दारात उभी असताना कुठलं मांजर त्या दारानं जाईल?

गोदूबाईच्या नवऱ्यानं गोणपाट टाकून पाहिलं आणि मनगट ओरबाडून घेतलं. मांजरी मागच्या दारावर झेपावली. आली होती ती तिथूनच, तिला तेवढीच वाट ठाऊक. ती फळ्यांवर नखं मारू लागली, अंग आपटू लागली. त्या आवाजानं बाळ दचकून रडायला लागलं. त्याला घेऊन सून खोलीतून बाहेर आली.

"आत्याबाई, उघडा ना ते दार."

"दिवे लागलेत गं. आत्ता उघडलं तर लक्ष्मी जाईल."

"अहो, जीव जाईल तिचा!"

गोदूबाईला ते दिसत होतं. फळीवर रक्ताचे डाग उमटले होते. मांजरी मेली तर पाप, दार उघडलं तर लक्ष्मी जाणार. तिचा हात अडसराकडे जाई आणि मागे येई.

सुनेनं बाळाला पदराखाली घेतलं. बाळ गप्प झालं. रडणं मात्र थांबलं नाही. बारीक, केविलवाणं रडणं दाराच्या पलीकडून, सरपणाच्या ढिगातून येत होतं.

"अगं बाई!" गोदूबाई म्हणाली. "हिची पिल्लं आहेत की बाहेर!"

मग तिनं कसलाच विचार केला नाही. "व्हा सगळे अंगणात! आणि ते गोणपाट न्या आधी," असं म्हणून तिनं घर रिकामं केलं. ती दाराशी गेली, तशी मांजरी गुरगुरत चुलीमागे दडली. गोदूबाईनं अडसर काढला, दार सताड उघडलं आणि स्वतः कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभी राहिली.

थोडा वेळ काहीच हललं नाही. मग मांजरी पोट जमिनीला टेकवत पुढे आली, उंबऱ्याशी थबकली आणि सुसाट बाहेर गेली.

गोदूबाईनं सोडलेला श्वास अंगणातल्यांनाही ऐकू गेला. तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले. सरपणातलं रडणं थांबलं होतं.

शेजारीण आत डोकावली. "गोदूबाई, लक्ष्मी गेली की हो मागच्या दारानं!"

"गेली असली तर याच वाटेनं परत येईल," गोदूबाई म्हणाली. "आज राहू दे उघडंच."

लक्ष्मी कुठेही गेली नाही. गेला तो ताकाचा डेरा, आणि तो काही दारानं गेला नव्हता. त्या गावात मागची दारं पुढेही दिवेलागणीला बंद होत राहिली. फक्त अडसर घालण्याआधी घरोघरच्या बायका आत वळून विचारू लागल्या, "कुणी जायचं राहिलंय का?"

बोध: अडकलेल्याला सोडवायचं असेल तर त्याच्या वाटेचं दार उघडावं आणि आपण बाजूला व्हावं.