थडग्यांचा तट

"पण बाबा, दगड तो दगडच ना? त्यात लोकांनी रागवायचं काय?"

तामोनियस येरझाऱ्या घालत होता. गावाचा तट बांधायला रोमन सरकारनं त्याला नेमलं, तेव्हापासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. म्हातारा सेनुआकस अंगणात छिन्नीला धार लावत बसला होता. तामोनियसला दगड घडवायला त्यानंच शिकवलं होतं.

ब्रिटनमधलं हे हमरस्त्यावरचं गाव. लुटारू दोन मुक्कामांवर येऊन ठेपले होते, आणि वेशीजवळ तटाला अजून मोठं खिंडार होतं. खाण लांब, वेळ थोडा. म्हणून तामोनियसनं रस्त्याच्या दुतर्फा असलेल्या थडग्यांचे दगड उपटून तटात घातले. कुणाचा बाप, कुणाची बायको... भराभर. कुणाला विचारायला त्याला सवड होती कुठे!

आज सकाळी गवंडी, गाडीवान सगळे वेशीत जाऊन बसले. कामाला कुणी हात लावेना.

"तुम्ही समजवा त्यांना. तुमचं ऐकतील. नाहीतर परवा आपण सगळेच मरू."

"रस्त्यावर एकही दगड उरला नाही?"

"नाही... म्हणजे, एक आहे."

"तो का ठेवलास?"

"लहान आहे. तटात बसायचा नाही."

सेनुआकसनं छिन्नी खाली ठेवली आणि तो रस्त्याकडे चालू लागला. तामोनियस मागोमाग.

दोन्ही बाजूंना नुसते खड्डे. मधेच तो एकटा दगड. त्यावर चेंडू धरलेली पाच वर्षांची मुलगी कोरलेली, खाली नाव: मातुगेना. तामोनियसची लेक.

म्हाताऱ्यानं वाकून दगडावर वीत ठेवली. एक... दोन... तीन... चार.

"मीच घडवलाय हा," तो म्हणाला. "याहून लहान किती बसवलेस?"

तामोनियसला लाज वाटली, आणि रडूही आलं.

त्यानं जाऊन पहार आणली. दगड हलवताना एकदा थांबला. मग लेकराला घ्यावं तसा तो खांद्यावर घेतला. दोन पावलं गेला आणि वळला.

"बाबा, हिचं नाव... चुन्यात दडवू, की दिसतं ठेवू?"

"मला नको विचारू. वेशीत बसलेत, त्यांना विचार."