जुने न होणारे रेशीम

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. राज्य कापसाचे, घरोघरी माग. सात डोंगरांपलीकडे कनकाक्ष नावाच्या मायाव्याचे राज्य होते. त्याने मंत्राने विणलेले रेशीम विटत नसे, फाटत नसे, जुने होत नसे. इकडच्या प्रजेला त्याचे वेड लागले, आणि प्रजेच्या पुढे राजा. सोने डोंगरापलीकडे गेले, इकडचे माग थांबले. तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा राजाने कनकाक्षाकडूनच सोने उसने आणले आणि त्याचे पुन्हा रेशीमच घेतले! आता याला काय म्हणावे?

कनकाक्षाने सोन्यावर मंत्र टाकला होता. तो म्हणाला, "कर्ज फिटेपर्यंत खर्च तोड, राजा. ज्याच्यावरचा खर्च तोडशील तो दगड होईल. दगडाला भूक नसते. तुझी सोयच झाली."

राजाने आज्ञा काढली, "प्रजेने पोटाला चिमटा घ्यावा." त्याच्या स्वतःच्या ताटात मात्र पक्वान्ने तशीच होती. अन्नछत्र बंद झाले. पंगतीतले म्हातारे पत्रावळीसमोर दगड झाले. पाठशाळा बंद झाली, पंतोजी दगड झाले. मग सूतिकागृहाची पाळी आली. तिथे चांगुणा नावाची दाई होती. राजाची आई बाळंतपणात गेली, तेव्हा याच बाईने त्याला वाढवले होते. आज्ञेवर शिक्का मारताना त्या शहाण्याला हे आठवले नाही.

बातमी कळताच तो धावत गेला, तेव्हा चांगुणेचे पाय गुडघ्यापर्यंत दगड झाले होते. राजा ढसाढसा रडला. सूतिकागृह पुन्हा उघडावे, तर तिजोरीत दमडी नव्हती.

खिडकीत धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजा, कनकाक्ष तुला त्याचा माल विकतोच आहे. त्याने तुझे काही विकत घेतले तरच देणे फिटेल. नाहीतर सगळी प्रजा दगड झाली तरी फिटायचे नाही."

राजा सात डोंगर ओलांडून गेला आणि "माझे काही विकत घे," म्हणाला. कनकाक्ष म्हणाला, "माझ्याकडे नाही असे काही आण. तीन वेळा संधी देतो. तिसऱ्यांदा चुकलास तर दाई गेली."

राजाने रत्नहार नेला. कनकाक्ष म्हणाला, "असले हार माझ्या हत्तींच्या गळ्यात आहेत." चांगुणा कमरेपर्यंत दगड झाली.

राजाने चंदन नेले. कनकाक्ष म्हणाला, "माझ्या चुलीत चंदनच जळते." चांगुणा गळ्यापर्यंत दगड झाली.

तिसऱ्यांदा न्यायला काहीच उरले नाही. रिकाम्या हातांनीच निघताना राजा निरोप घ्यायला आला. चांगुणा म्हणाली, "बाळराजा, डोंगरात गारठा असतो. फडताळातलं माझ्या लुगड्याचं दुपटं घे अंगावर. आणि दोन घास खाऊन जा रे."

राजा पोहोचला तेव्हा कनकाक्षाच्या महालात लेकीचे तान्हे बाळ रडून काळेनिळे झाले होते. सदा कोऱ्या रेशमाची कड त्याच्या कातडीला कापत होती. राजाला अटही आठवली नाही. त्याने अंगावरचे दुपटे काढून बाळाला गुंडाळले. बाळ झोपले.

"हे कोणते वस्त्र?" कनकाक्षाने विचारले.

"जुने लुगडे. आमच्याकडे तान्ह्याला कोरे कापड लावत नाहीत. आधी कुणीतरी ते नेसावे, धुवावे, मऊ करावे."

कनकाक्ष बाळाकडे बघत राहिला. "माझ्या राज्यात काही जुने होतच नाही," तो म्हणाला. "म्हणून इथली सगळी बाळे रडतात. मला हे हवे. पुष्कळ हवे."

"तर मग आमचे सुती कापड तुझ्या बाजारात येऊ दे. तुझ्या लेकीसुनांनी ते नेसावे. आमचा विणकर कमावील आणि मी तुझे देणे फेडीन. दगड काय फेडणार?"

कनकाक्षाने बाजाराची दारे उघडली, मुदत वाढवली, मंत्र मागे घेतला. पहिल्या मालाचे सोने त्याने तिथेच आगाऊ मोजून दिले. राजाने परतताच अन्नछत्र उघडले, पाठशाळा उघडली. पंगतीतले म्हातारे डोळे चोळत म्हणाले, "भात वाढा." सूतिकागृहाचे दार राजाने स्वतःच्या हाताने उघडले आणि चांगुणेचे पाय धरले. ते ऊन लागले.

"आई, चुकलो."

"ते मग बोलू. बाहेर कासारणीला कळा सुटल्यात. चूल पेटव, पाणी ठेव."

राजाने मुकुट कोनाड्यात ठेवला आणि फुंकणी उचलली. धुराने त्याचे डोळे चुरचुरले, पण पाण्याला आधण आले. कासारणीला मुलगी झाली. तिच्या वेळी सूतिकागृहाचे दार उघडे होते, तसे तुमच्या-आमच्या लेकींच्या वेळीही उघडे असो.