स्वस्त मध

अस्वलं मध चोरत नसत, पोळ्याची राखण करून हक्काने खात, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर एखाद्या अस्वलालाच गाठून विचारा.

डोंगराअलीकडच्या रानाने पलीकडच्या रानाशी करार केला. मधलं कुंपण काढायचं. इकडची जांभळं तिकडे, तिकडचा मध इकडे. गुणाजी अस्वलाला मूठभर जांभळांत मडकंभर मध मिळू लागला. त्याने सातेरी मधमाशीच्या पोळ्याची राखण सोडली.

“दादा, मग आम्ही काय करायचं?” सातेरीने विचारलं.

“दिवस बदललेत, बाई. नवं काही शीक. कोळ्याकडे जा, विणकाम शिकवेल.”

“शिकवणी संपेपर्यंत मी उरेन का?”

गुणाजी बोटं चाटत हसला. पहारा उठताच गांधीलमाश्यांनी पोळं लुटलं. सातेरी उरलासुरला गोतावळा घेऊन पलीकडे मजुरीला गेली.

पुढच्या उन्हाळ्यात जांभळीला मोहोर आला आणि तसाच गळून गेला. एक फळ धरलं नाही. गुणाजी झाडावर खेकसला, तशी जांभूळ म्हणाली, “माझ्या फुलांवर आता बसतं कोण? करार करताना मला विचारलं होतंत?”

जांभळं नाहीत म्हणून मध नाही. भुकेला गुणाजी पलीकडे गेला, तर तिथल्या मुकादमाने त्याला जुनंच काम दिलं, पोळ्याची राखण. फक्त तोंडाला मुसकं बांधून.

मजुरीवर निघालेली सातेरी त्याच्यापाशी थांबली. “काय दादा, मध स्वस्तच आहे ना अजून?”

गुणाजीला उत्तर देता आलं नाही. तोंड बांधलेलं होतं.