शिरीषाचा पिंजरा

डोंगराच्या पायथ्याशी प्राण्यांचे एक छोटेसे शहर होते. मुलांनो, त्या शहराची एक चांगली रीत होती. रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाला तिथे एक पालक नेमून दिलेला असे. चौकातला शिरीष एका खारीकडे होता. खार मोठी मायाळू, पण तितकीच धास्तावलेली. शिरीष रोपटे होता तेव्हा एका शेळीने त्याचा शेंडा दोनदा फस्त केला होता. मग खारीने शहराचा कारभार पाहणाऱ्या माकडाच्या मागे लागून भोवती लोखंडी पिंजरा बसवून घेतला. त्या पिंजऱ्यामुळेच शिरीष जगला, हे मान्य करायलाच हवे. पुढे झाड वाढले आणि खारीने त्याच्याच फांदीवर घरटे बांधले.

त्या वर्षी श्रावणात सगळे शहर हिरवेगार झाले, शिरीषाची पाने मात्र पिवळी पडू लागली. एके दिवशी त्याची एक वाळकी फांदी कडकन मोडून खाली आली. तिच्याशेजारच्या फांदीवर खारीची पिल्ले होती, आणि त्यांना अजून धड चालताही येत नव्हते. खारीच्या जिवाचे पाणी पाणी झाले. ती झाडाला आणखी पाणी घालू लागली, आणि उरलेला वेळ डोळ्यांत तेल घालून शेळीवर पहारा करू लागली. बुंध्याकडे बघायला तिला सवडच नव्हती.

एकदा शेळी जवळ येऊन म्हणाली, "खारूताई, पिंजरा काढ गं. झाडाला काचतोय तो."

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतेस?" खार कडाडली. "पानं खायचीत म्हण की सरळ!"

"खायचीतच. पानं दिसली की मला राहवत नाही," शेळी म्हणाली. "पण आता माझं तोंड पोचतंय कुठे?" तिने पुढचे पाय पिंजऱ्यावर टेकले, मान ताणली, दाढी थरथरेपर्यंत ताणली. सगळ्यात खालची डहाळीसुद्धा तिला हातभर उंच राहिली.

तिची फजिती जवळून बघावी म्हणून खार बुंध्यावरून सरसर खाली आली आणि मध्येच थबकली. पिंजऱ्याची वरची कडी सालीत खोल रुतली होती. तिच्या वर आणि खाली साल टम्म सुजली होती. "अगं बाई! ज्याला जपलं, त्याचाच गळा आवळला मी!" असे म्हणून खार रडू लागली. तिला फार वाईट वाटले.

माकड करवत घेऊन आले. "उद्या शेळीनं झाड खाल्लं तर माझ्याकडे यायचं नाही," असे बडबडत त्याने पिंजरा कापून काढला. कडीचा एक तुकडा इतका आत गेला होता की तो तसाच ठेवावा लागला. तरीही महिन्याभरात शिरीषाला नवी पालवी फुटली आणि पिल्ले त्याच फांदीवर पळायला शिकली.

आता त्या शहरात दरवर्षी शेळीला मानाने बोलावतात. ती प्रत्येक पिंजऱ्यापाशी मागच्या पायांवर उभी राहते. जिथे तिचे तोंड पोचत नाही, तिथला पिंजरा काढून नव्या रोपाला लावतात. जिथे पोचते, तिथे ती मापाच्या निमित्ताने एखादे पान खाते, आणि खारीसकट सगळे तिकडे काणाडोळा करतात.

तात्पर्य : राखण करणाऱ्याला कुंपण घालता आले पाहिजे, आणि वेळ आली की ते काढताही आले पाहिजे.