चादरीवरची चिठ्ठी

अनसाक्का रंगारणीचे शंभर तागे छापून तयार होते, पण घ्यायला आलेले हिराचंदशेठ नाक मुरडत होते. "ठशाला ठसा भिडतो तिथं सांधा दिसतो. फुलंही एकसारखी नाहीत. निम्म्या भावानं देत असशील तर उचलतो."

अनसाक्का हातातला लाकडी ठसा पुढच्या ताग्यावर उमटवत राहिली.

तेवढ्यात शेठजींना दोरीवर वाळणारी चादर दिसली. "ही बघ! कुठं सांधा नाही, फूल तसूभर हललं नाही. याला म्हणतात हातकाम!"

"ती यंत्रावरची आहे, शेठजी," अनसाक्का म्हणाली. "तुमच्याच दुकानातून आणली. 'अस्सल हातछपाई' अशी चिठ्ठी होती तिच्यावर. जपून ठेवलीय."

शेठजींनी पुरा भाव मोजला आणि हळूच चिठ्ठी मागितली.

"असू द्या माझ्यापाशी," अनसाक्का म्हणाली. "पुढच्या खेपेला लागेल."