राणीची ससुली

एक होती राणी. तिचं नाव कनकावती. तिला सात वर्षांची एकुलती एक लेक, केतकी. एकदा काय झालं, केतकी रानात गेली, तहान लागली, नि तिथल्या तळ्याला तोंड लावून पाणी प्यायली. ते तळं मंतरलेलं होतं, बरं का. तिची झाली ससुली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची.

राणी तळ्यावर धावत आली नि तिनं हंबरडा फोडला. तेव्हा तळ्याकाठची जोगतीण म्हणाली, "बाई, बारा पौर्णिमा हिचा पाय मातीला लागू देऊ नकोस. घरातच ठेव. आणि हिचं मन जागतं ठेव. जेवढं मन विझेल, तेवढी लेक हरवेल. सगळंच विझलं तर ही जन्माची ससुलीच."

मग राणीनं ससुलीला महालात आणलं. चांदीचा झोपाळा टांगला, मोत्यांचा चेंडू केला. ससुलीनं चेंडू हुंगला नि पाठ फिरवली. मग राणीनं वाजंत्री बोलावले. सनई वाजली, नगारा वाजला, नि ससुली जी पलंगाखाली दडली ती दोन दिवस बाहेरच आली नाही. मग राणीनं सोन्याच्या ताटात कोवळी गाजरं, कोथिंबीर, कोबीचा गाभा मांडला. ससुली खायची नि भिंतीकडे तोंड करून बसायची. दिवसचे दिवस. बसल्या बसल्या स्वतःच्याच अंगाची लव उपटायची.

दर पौर्णिमेला राणी हाक मारी, "केतकी!" पहिल्या पौर्णिमेला दोन्ही कान वळले. तिसरीला एकच वळला. सहावीला एकही नाही.

राजा म्हणाला, "कनके, सोड तिला रानात. ससुली तर ससुली, सुखानं जगेल तरी."

"आणि मी?" राणी म्हणाली. राजा मान खाली घालून निघून गेला.

राणीनं अन्न सोडलं. तीही भिंतीकडेच बघत बसली. दोघी मायलेकी, एक ह्या कोपऱ्यात, एक त्या कोपऱ्यात.

मग एके दिवशी मुदपाकखान्यात टोपल्या द्यायला भागू बुरडीण आली. जाता जाता तिनं राणीच्या दालनाच्या दारातून पाहिलं नि म्हणाली, "राणीसरकार, रागावू नका. रानातला ससा दिवसभर हुंगतो, उकरतो, कुरतडतो, तेव्हा कुठं त्याला घास मिळतो. तुम्ही सगळं तोंडापुढं ठेवता. ह्या जिवाला कामच नाही उरलं."

"मग मी काय करू गं?"

"दडवा. शोधू द्या तिला."

मग राणी जमिनीवर बसली. भागूच्या टोपल्यांची बुडं काढून त्या एकीला एक जोडल्या, त्याचं केलं भुयार. खोक्यात वाळलं गवत भरलं, त्यात मेथीची काडी खुपसली. कुरतडायला जांभळीच्या डहाळ्या ठेवल्या. पहिला दिवस गेला, ससुली हलली नाही. दुसरा गेला. राणीला वाटलं, संपलं सगळं. तिसऱ्या दिवशी गवत खसखसलं! ससुलीला मेथी सापडली, नि तिनं हवेत अशी उडी मारली, अशी गिरकी घेतली!

मग राणी रोज नवी जागा शोधी. कालचं आज चालायचं नाही, बरं का, ससुली लगेच कंटाळायची. गुडघे सोलले, कंबर धरली, तरी राणी भुयारं मांडी. ससुलीची लव परत आली. पण "केतकी" म्हटलं की कान काही वळत नसत. जे विझलं ते विझलंच. राणी डोळे पुसायची नि पुन्हा मेथी दडवायची.

बारावी पौर्णिमा आली. सकाळी ससुली गवत उकरत होती. आत गेले ते पंजे होते, बाहेर आले ते हात! केसांत काड्या अडकलेली केतकी उठून बसली.

राणी धावली. केतकी मागे सरली. तिनं राणीकडे नीट पाहिलं नि विचारलं, "तुम्ही कोण?"

राणी मटकन खाली बसली. मग म्हणाली, "मी तुझी आई."

"बरं," केतकी म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली, नि मग येऊन तिच्या मांडीवर बसली.

तेवढंच. त्या दिवसापासून राणीनं तिला एकेक गोष्ट नव्यानं शिकवली, राजाचं नाव, अंगणातल्या झाडांची नावं, तिचं स्वतःचं नाव. काही आठवलं, काही कधीच आठवलं नाही. पण तिघं एका ताटात जेवली, एका घरात सुखानं नांदली. तुम्हीही तशीच नांदा. आता पांघरुणं ओढा, नि मिटा पाहू डोळे.